फुजियानची मातीची गोल घरं: बघायला जाण्याआधी थोडं समजून घेऊ

चीनच्या फुजियान प्रांतातल्या त्या मातीच्या गोल घरांचे ड्रोनने काढलेले फोटो तुम्ही कधी ना कधी बघितलेच असतील, हिरव्यागार डोंगरांत काळ्या कौलांची मोठमोठी वर्तुळं आणि मधे मोकळं अंगण. फोटो झकास येतात, वादच नाही. पण वरून बघून या घरांबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही, कारण खरी कमाल ना त्या गोल आकारात आहे ना त्या जाडजूड भिंतीत, खरी कमाल आहे एकाच आडनावाच्या पन्नास-साठ-ऐंशी कुटुंबांनी एक छप्पर कसं वाटून घेतलं आणि ती वाटणी दोन-तीनशे वर्षं कशी टिकवली त्यात. हे डोक्यात ठेवून गेलात तर तिथे तासभरही पुरत नाही, आणि न ठेवता गेलात तर वीस मिनिटांत फोटो काढून बाहेर पडाल, म्हणून हे सगळं नीट मांडतोय.

आधी अगदी मूळ गोष्ट. या घरांना तुलोउ म्हणतात, तु म्हणजे माती आणि लोउ म्हणजे मजल्यांची इमारत. बाहेरची भिंत ठोकून ठोकून घट्ट केलेल्या मातीची, आतलं सगळं बांधकाम लाकडी, तीन ते पाच मजले, आणि सगळ्या खोल्यांची तोंडं आतल्या अंगणाकडे. गोल आहेत, चौकोनी आहेत, लंबगोल आहेत. फुजियानच्या नैर्ऋत्य भागात योंगदिंग, नानजिंग आणि हुआआन या तीन भागांत ती दाटीने सापडतात, आणि त्यातली निवडक ४६ घरं २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ही ४६ काही एका जागी नाहीयेत, दहा ठिकाणी विखुरलेली आहेत, कुठे पाच-दहा घरांचा पुंजका तर कुठे एकटंच घर, आणि त्यांचं वयही पंधराव्या शतकापासून थेट विसाव्या शतकापर्यंत. म्हणजे "प्राचीन चीन" वगैरे डोक्यात असेल तर ते जरा बाजूला ठेवा, यातली काही घरं आपल्या आजोबांच्या वयाची आहेत.

बांधली कोणी? बहुतेक हक्का लोकांनी. हो, तेच हक्का, ज्यांचं नाव आपण चायनीजच्या गाडीवर नूडल्सच्या आधी घेतो. ते नूडल्स त्या स्वरूपात फुजियानमध्ये मिळणार नाहीत, ती डिश भारतातली, पण नावामागचे लोक खरे आहेत, कोलकात्यात येऊन स्थायिक झालेले आणि एके काळी टांगऱ्याला चामड्याचे कारखाने चालवणारे चिनी लोक मुख्यतः हक्काच. या लोकांचे पूर्वज मूळचे उत्तरेकडचे, पिवळ्या नदीच्या खोऱ्यातले. युद्ध, दुष्काळ, राज्यं बदलणं अशा कारणांनी ते शतकानुशतकं थोडे थोडे करत दक्षिणेकडे सरकत गेले. आता दक्षिणेत पोचेपर्यंत सपाट आणि सुपीक जमिनी आधीच्या लोकांकडे होत्या, त्यामुळे यांच्या वाट्याला आले डोंगर. डोंगरात शेत थोडं, रस्ते नाहीत, सरकारी शिपाई कधी दिसायचा नाही, दरोडेखोरांचा सुळसुळाट, वर शेजारच्या घराण्यांशी पाण्यावरून आणि जमिनीवरून भांडणं. ही भांडणं किती टोकाला जाऊ शकत होती त्याचा अंदाज यायला एकच उदाहरण देतो, शेजारच्या ग्वांगदोंग प्रांतात १८५५ ते १८६७ अशी बारा वर्षं हक्का आणि स्थानिक लोक यांच्यात अक्षरशः युद्ध चाललं होतं, त्यात लाखोंनी माणसं गेली.

तर अशा ठिकाणी एकट्याने घर बांधून राहणं शक्यच नव्हतं. म्हणून घराणंच्या घराणं एका भिंतीच्या आत राहायला लागलं. इथपर्यंत सगळ्यांना कळतं आणि मग लोक म्हणतात "अच्छा, म्हणजे किल्ला". किल्ला नाही हो. किल्ल्यात राजा असतो, सरदार असतो, त्याचा महाल मोठा आणि शिपायाची खोली छोटी. इथे तसं काही नाही, इथे सगळ्या खोल्या सारख्या मापाच्या आहेत, आणि घराण्याच्या प्रमुखालाही मोठी खोली नाही.

वाटणी कशी करायचे ते आता बघा, आणि हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. आपल्याला सवय आहे मजल्याप्रमाणे वाटणीची, खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा वगैरे. हक्का तुलोउमध्ये वाटणी उभी असते. म्हणजे तळमजल्यावरची एक खोली ज्या कुटुंबाची, तिच्या बरोब्बर वरची खोली त्याच कुटुंबाची, तिच्या वरचीही त्यांचीच, अगदी छपरापर्यंत. तळमजल्यावर स्वयंपाकघर, त्याच्या वर धान्याची कोठी, त्याच्या वरच्या मजल्यांवर झोपायच्या खोल्या. मोठ्या कुटुंबाकडे अशा दोन किंवा तीन रांगा असायच्या. पण खोलीसमोरचा लाकडी व्हरांडा मात्र सगळ्यांचा, आपल्या गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीसारखा, पूर्ण गोल फिरून परत आपल्याच दारात येणारा, आणि जिनेही सगळ्यांचे मिळून चार. त्यामुळे स्वयंपाकघरातून स्वतःच्याच झोपायच्या खोलीत जायचं तर आधी अंगणाकडे बाहेर यायचं, सामायिक जिन्याने वर चढायचं, आणि चार-सहा घरांच्या दारांवरून चालत आपल्या दारापर्यंत जायचं. दिवसातून किती वेळा ते मोजा, आणि मग विचार करा की त्या घरात कोणाचं कोणाशी बोलणं बंद राहू शकत असेल का.

उभ्या वाटणीचा फायदा काय? एक म्हणजे चांगलं आणि वाईट दोन्ही सगळ्यांना सारखं मिळतं. तळमजला अंधारा आणि दमट, वरचा मजला हवेशीर, मग एकाला वर आणि एकाला खाली दिलं की भांडण लागलंच. इथे प्रत्येकाला थोडा अंधार आणि थोडी हवा. दुसरं म्हणजे छपराची जबाबदारी. प्रत्येक कुटुंबाच्या डोक्यावर स्वतःचा छपराचा तुकडा आहे, कौल सरकलं आणि पाणी आलं तर ते थेट त्याच्याच बिछान्यावर आणि खाली त्याच्याच तांदळावर, त्यामुळे "बघेल कोणीतरी" म्हणून सोडून द्यायची सोयच नाही. मला ही युक्ती फार ग्रेट वाटते, कोणावर सक्ती न करता सगळं छप्पर नीट राहतं.

मोठं उदाहरण घ्यायचं तर गाओबेई गावातलं चेंगची लोउ घ्या. जियांग आडनावाच्या लोकांचं हे घर १७०९ साली पुरं झालं, आणि याला तुलोउंचा राजा म्हणतात. एकात एक अशी चार वर्तुळं. सगळ्यात बाहेरचं चार मजली, प्रत्येक मजल्यावर ७२ खोल्या, म्हणजे २८८. त्याच्या आत दोन मजली वर्तुळ, दर मजल्याला ४० म्हणजे ८०. त्याच्या आत एकमजली ३२ खोल्या. एकूण ४००, आणि अगदी मधोमध पूर्वजांचं सभागृह, जिथे पूजा, लग्न, मयत, घराण्याची बैठक सगळं व्हायचं. भरभराटीच्या काळात इथे ऐंशी कुटुंबं आणि आठशेच्या आसपास माणसं राहायची असं सांगतात. १९८६ साली चीनने काढलेल्या एका टपाल तिकिटावर हेच घर आहे, आणि बाहेरच्या जगाला तुलोउ माहीत होण्यात त्या तिकिटाचा हात मोठा.

या घराच्या दारावर दोन बाजूंना दोन ओळी लिहिलेल्या आहेत, आणि प्रत्येक ओळीची सुरुवात घराच्या नावातल्या एकेका अक्षराने होते, ही पद्धत बऱ्याच तुलोउंच्या दारावर दिसते. अर्थ साधारण असा: पूर्वजांचा कष्टाचा आणि काटकसरीचा गुण पुढे न्या, मुलानातवंडांना वाचनाची आणि शेतीची वाट दाखवा. म्हणजे दारातून रोज जाता-येता पोराटोरांच्या डोळ्यासमोर अभ्यास आणि नांगर शेजारी शेजारी. डोंगरात जमीन कमी असल्यामुळे शिकून परीक्षा देऊन सरकारी नोकरी मिळवणं हा वर जायचा एक मोठा रस्ता होता, त्यामुळे शिक्षणाचं वेड हक्का समाजात फार. आणि बायका शेतात पुरुषांच्या बरोबरीने राबायच्या, त्यामुळे जिथे बाकीच्या चीनमध्ये मुलींचे पाय लहानपणीच करकचून बांधायची चाल होती तिथे हक्का बायकांचे पाय बांधायचे नाहीत, ही गोष्ट मला त्या सगळ्या इतिहासातली सगळ्यात चांगली वाटते.

आता भिंत. लोक म्हणतात "मातीची भिंत, म्हणजे पावसात वाहून जाईल", आणि फुजियानमध्ये तर धो धो पाऊस, वर टायफून. मग तीनशे वर्षं टिकली कशी?

सुरुवात पायापासून. आधी नदीतले गोटे आणि दगड रचून जमिनीच्या वरपर्यंत पाया आणायचा, पुराचं पाणी जिथवर येतं त्याच्याही वर, म्हणजे मातीला खालून ओल लागायचा प्रश्नच नाही. मग माती. शेतातली भुसभुशीत माती चालत नाही, खालची चिकट तांबडी माती लागते, त्यात वाळू आणि चुना मिसळायचा, आणि जिथे भिंत जास्त घट्ट हवी तिथे चिकट भाताची पेज आणि गूळसाखरही घालायचे. हे मिश्रण बरेच दिवस पडून ठेवायचं, परत परत फावड्याने उलथं करायचं, हातात घेऊन मूठ दाबली तर गोळा व्हायला हवा आणि खाली टाकला तर फुटायला हवा इतपतच ओल. मग दोन फळ्यांचा साचा भिंतीवर ठेवायचा, त्यात थोडी माती टाकायची, आणि साच्यात उभं राहून लाकडी धुमसाने ती दणादण ठोकायची. आवाज बदलेपर्यंत ठोकायची. परत माती, परत ठोकणं. आणि मधे मधे थरांत बांबूच्या लांब पट्ट्या आणि फरच्या झाडाच्या फांद्या आडव्या घालायच्या, ज्या भिंतीला आतून धरून ठेवतात, काँक्रीटमध्ये लोखंडी सळया जे काम करतात तेच काम. साचा पुढे सरकवायचा, पूर्ण वर्तुळ झालं की एक थर वर.

एका दमात भिंत उभी करता येत नाही, खालची माती ओली असताना वर वजन टाकलं तर ती बसते, तिला फुगवटा येतो. त्यामुळे कोरड्या हंगामात साधारण एक मजला, मग तो वाळू द्यायचा, मग पुढच्या वर्षी पुढचा. चार मजली घर म्हणजे सहज तीन-चार वर्षं, मोठं असेल तर आणखी. खाली दीड मीटरच्या वर जाडी आणि वर जाताना निमुळती होत जाते, त्यामुळे भिंतीचं वजन आतल्या बाजूला झुकून राहतं आणि लाकडी मजले तिला आतून टेकू देतात. आणि सगळ्यात वर छपराची कडा भिंतीच्या दोन-एक मीटर बाहेर काढलेली. ही कडाच खरी राखणदार. पावसाचं पाणी भिंतीला न लागता थेट खाली पडतं. तुम्ही तिथे गेलात की बाहेरून भिंतीला हात लावून बघा, कडेच्या सावलीतली भिंत अजून दगडासारखी कडक लागते, आणि जिथे कधीकाळी छप्पर खचलं होतं तिथे पाण्याचे ओघळ कोरल्यासारखे दिसतात, अगदी शेजारी शेजारी. दोन्ही एकाच वेळी बघितलं की पाणी कुठून येतं आणि कुठून यायला नको हे एका मिनिटात कळतं.

भूकंपाची पण एक गोष्ट आहे. योंगदिंगमध्ये १६९३ साली बांधलेलं हुआनजी लोउ नावाचं घर आहे, १९१८ च्या मोठ्या भूकंपात त्याच्या भिंतीला भेग पडली, आणि गावचे लोक सांगतात की ती भेग नंतर बरीचशी मिटत आली. भेगेचा बारीक माग अजून दिसतो. गोल आकार, खाली जाड वर बारीक भिंत, आतला लाकडी सांगाडा आणि मातीतल्या बांबूच्या पट्ट्या यांनी मिळून ते घर उभं राहिलं.

संरक्षणाचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. खालच्या मजल्यांना बाहेरच्या बाजूने खिडकी नाही, वरच्या खिडक्या आत रुंद आणि बाहेर अरुंद, म्हणजे आतून नेम धरता येतो आणि बाहेरून आत काही दिसत नाही. मुख्य दार एकच, जाड लाकडाचं, बाहेरून लोखंडी पत्रा, मागे आडवा अडसर. दार जाळायचा प्रयत्न होणार हे गृहीत धरून काही घरांत दाराच्या वरच्या बाजूला पाणी सोडायची भोकं ठेवलेली असतात, वरून पाणी ओतलं की दारावर पाण्याचा पडदा. जाल तेव्हा दाराच्या चौकटीत उभं राहून मान वर करून ती भोकं शोधा, बहुतेक लोक घाईघाईत खालून निघून जातात. आत विहीर, कोठीत धान्य, अंगणात कोंबड्या-डुकरं, त्यामुळे वेढा पडला तरी महिनोन्महिने निभावायचं.

गोलच का पण? सुरुवातीला चौकोनी घरं जास्त होती, आणि चौकोनाला एक कायमचा त्रास आहे, कोपरे. कोपऱ्यातली खोली अंधारी, हवा नाही, तिथे जिन्याचा आवाज, मग ती कोणाला द्यायची? गोल घरात कोपराच नाही. शिवाय साधं गणित बघा. तेवढ्याच लांबीची भिंत चौकोनी न घालता गोल घातली तर आतली जागा २७ टक्के जास्त मिळते. भिंत म्हणजे वर्षानुवर्षांची मेहनत, तेव्हा हा फरक लहान नाही. चेंगची लोउचा व्यास साधारण ६२ मीटर, म्हणजे घेर १९५ मीटरच्या आसपास, भागिले ७२ खोल्या, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पावणेतीन मीटर. सगळ्यांना तेवढंच, ना इंच जास्त ना इंच कमी. छपराची लाकडं पण एकाच मापाची कापता येतात, सुताराचं काम सोपं.

पैसा कुठून आला हा प्रश्न कोणी विचारत नाही पण विचारायला हवा. योंगदिंगच्या डोंगरात तंबाखू उत्तम यायची, तिथली बारीक कापलेली तंबाखू चीनभर विकली जायची, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली बरीच मोठी घरं या तंबाखूच्या पैशावर उभी आहेत. होंगकेंग गावातलं १९१२ सालचं झेनचेंग लोउ बांधणाऱ्या लिन घराण्याचा धंदा तर तंबाखू कापायच्या सुऱ्यांचा. या घरात पैसा दिसतोच, मधल्या सभागृहाला पाश्चात्त्य पद्धतीचे दगडी खांब आहेत, आणि बाहेरच्या वर्तुळाचे आठ भाग करून मधे विटांच्या भिंती घातल्यात, म्हणजे एका भागाला आग लागली तर ती पुढे पसरत नाही. आतलं सगळं लाकूड असल्यामुळे तुलोउचा खरा शत्रू आगच. नंतर परदेशात गेलेल्या लोकांचा पैसा यायला लागला. आपल्याकडे घराघरात असणारा टायगर बाम ज्यांनी जगभर नेला ते ऑ बून हॉ रंगूनमध्ये जन्मले, पण त्यांचं मूळ गाव योंगदिंगमधलंच.

दोन गैरसमज मात्र काढून टाकायला हवेत. सगळे हक्का गोल घरात राहायचे हे चूक आहे, बहुतेक हक्का कधीच गोल घरात राहिले नाहीत. जियांगशी प्रांतात त्यांची चौकोनी, कोपऱ्यांना बुरूज असलेली घरं आहेत, आणि ग्वांगदोंगमधल्या मेइझोऊ भागात पुढे अर्धचंद्र तळं आणि मागे घोड्याच्या नालासारखा खोल्यांचा वळसा अशी पसरट घरं. कोलकात्याच्या हक्का कुटुंबांची मुळं बहुतांशी या मेइझोऊकडची, त्यामुळे त्यांच्या पणजोबांचं घर गोल तुलोउ असण्याची शक्यता कमीच. आणि उलट बाजूने, प्रत्येक तुलोउ हक्का लोकांचाच असतो हेही चूक. हुआआनमधलं अठराव्या शतकातलं एरयी लोउ, ज्याची भिंत खाली अडीच मीटर जाड आहे, ते दक्षिण फुजियानी बोलणाऱ्या लोकांचं. तिथे वाटणीची पद्धत पण वेगळी, सामायिक व्हरांडा नाही, प्रत्येक कुटुंबाचं दार वेगळं आणि आतून जिना वेगळा. हक्का घर बघून मग हे बघितलं तर फरक चटकन कळतो, एकीकडे शेजाऱ्याच्या दारावरून जावं लागतं, दुसरीकडे आपलं दार लावलं की संपलं.

आता येऊ जीर्णोद्धाराकडे, कारण तुम्ही जे बघायला जाल ते सगळं दुरुस्त केलेलं असेल. भिंत दुरुस्त करणं हा त्यातला अवघड पण समजलेला भाग. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा नसतो, सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, ती आत कोंडते आणि माती आतून पोखरली जाते, म्हणून मातीला माती आणि चुनाच. कुजलेला खांब बदलायचा तर त्याच जातीचं लाकूड आणि तोच सांधा. कौलं दरवर्षी तपासायची. हे सगळं येतं करता.

अवघड आहे ते माणसांचं. १९७८ नंतर चीनमध्ये शहरांत कामं निघाली, तरुण मंडळी शियामेन, शेनझेन अशी पांगली, आणि मागे राहिलेल्यांनीही गावातच काँक्रीटची घरं बांधली. त्यांना नावं ठेवायला आपण कोण? जुन्या घरात खोल्यांना संडास नाही, रात्री व्हरांड्यात बादली ठेवायची, लाकडी जमिनीवरून कोणी चाललं की खालच्याला धाडधाड ऐकू येतं, शेजारचं मूल रडलं की सगळा मजला जागा. पण माणसं गेली की ती उभी वाटणीच बिघडते. ज्याच्या डोक्यावर कौल फुटलंय तो शहरात आहे, त्याला पाणी पडलेलं कळतच नाही, आणि शेजारी दुसऱ्याच्या छपराला हात लावणार नाही. चुलीचा धूर बंद झाला की वरच्या लाकडांना कीड लागायला मोकळं रान. म्हणजे सरकारने भिंत कितीही नीट केली तरी घर राखणारी यंत्रणा माणसांचीच होती.

यावर दोन टोकाचे मार्ग बघायला मिळतात. एक हाँगकाँगमधला. तिथे च्युन वान भागात साम तुंग उक नावाचा चान घराण्याचा तटबंद वाडीवजा पुंजका आहे, १७८६ सालचा, बसकी पांढऱ्या भिंतींची हक्का घरं, मधे ओळीने तीन सभागृहं. मेट्रो आली, १९८० साली रहिवासी दुसरीकडे हलले, घरं संरक्षित स्मारक झाली, दुरुस्त केली आणि १९८७ साली संग्रहालय म्हणून उघडली. सगळं स्वच्छ, नीटनेटकं, मेट्रो स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. ज्यांना फुजियानपर्यंत जाणं जमणार नाही त्यांनी हे जरूर बघावं, घराची रचना शांतपणे समजून घ्यायला याहून सोपी जागा नाही. पण चूल गार आहे.

दुसरा मार्ग योंगदिंग-नानजिंगचा, लोक राहतात त्यांना राहू द्यायचं आणि पर्यटकांना आत सोडायचं. चेंगची लोउच्या तळमजल्यावर बऱ्याच खोल्यांत आता चहाची आणि खाऊची दुकानं आहेत, आवाज आहे, गर्दी आहे, आणि काहीजण येऊन म्हणतात की सगळा बाजार केलाय. मला तसं वाटत नाही. ज्या आजीबाई दारात चहा विकतायत त्यांची ती खोली वडिलोपार्जित आहे, वरची कोठी त्यांची आहे, आणि त्या तिथे बसल्यात म्हणून त्यांच्या डोक्यावरचं कौल जागेवर आहे. रिकामं सुंदर घर आणि गर्दीचं राहतं घर यात निवडायचं तर मी राहतं घर निवडेन.

म्हणून आत शिरलात की आधी मधल्या सभागृहाकडे न धावता एखादं चालू स्वयंपाकघर शोधा. दार बहुतेक उघडं असतं, अर्ध्या उंचीचं झापड असतं कोंबड्यांसाठी. आत मातीची किंवा विटांची चूल, त्यावर मोठी लोखंडी कढई बसवलेली, शेजारी लाकडं, वर धुराने काळीकुळकुळीत झालेली तुळई, तिच्यावर वाळवणाच्या दोऱ्या. मोहरीचा पाला मिठात मुरवून वाळवलेला असतो, तो डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, ही हक्का घरातली ठरलेली डिश. मग व्हरांड्यातून वर त्याच रांगेतल्या खोल्या बघा, बरोब्बर डोक्यावर कोठी, तिच्यावर झोपायची खोली. एका कुटुंबाचं सगळं आयुष्य त्या पावणेतीन मीटरच्या उभ्या पट्टीत दिसतं. फोटो काढायचा तर आधी विचारा, हातवारे करून विचारलं तरी चालतं. वरच्या मजल्यांवर बऱ्याच घरांत पर्यटकांना बंदी आहे, लाकूड जुनं आहे म्हणून, तेव्हा कोणी पैसे घेऊन वर नेतो म्हणालं तरी पाटी बघून ठरवा.

कुठली घरं बघावीत? माझ्या मते तीन ठिकाणं पुरतात. गाओबेई आणि होंगकेंग एका दिवसात होतात, एकीकडे चेंगची लोउ, दुसरीकडे झेनचेंग लोउ आणि त्याच गावात छोटी-मोठी-चौकोनी सगळ्या आकारांची घरं ओढ्याच्या काठाने. तियानलुओकेंगला वरच्या सज्ज्यातून पाच घरं एकत्र दिसतात, मधे चौकोनी, भोवती तीन गोल आणि एक लंबगोल, हुआंग घराण्याची. मधलं १७९६ चं, पण १९३६ साली दरोडेखोरांनी जाळलं होतं आणि १९५३ मध्ये परत बांधलं, लंबगोल तर १९६६ चं. म्हणजे जीर्णोद्धार हा शब्द आत्ता आला, घराणी स्वतःच जळलेलं घर त्याच पायावर परत उभं करत आली होती. तिसरं युनश्वेयाओ, तिथे दलदलीत लाकडाचे ओंडके घालून त्यावर उभं केलेलं पाच मजली हेगुई लोउ आहे, अंगणात जोरात पाय आपटला तर दगडगोटे हलल्यासारखे वाटतात. पाण्याखाली हवा लागत नाही म्हणून ते ओंडके कुजले नाहीत. वेळ उरला तर चूशीला जाऊन १४१९ सालचं मानलं जाणारं जिचिंग लोउ बघा, तिथे जिनेच ७२ आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हवा चांगली, वसंतात पाऊस फार आणि जुलै ते सप्टेंबर टायफूनची भीती. पैसे सगळे मोबाइलवर क्यूआर कोडने, त्यामुळे अलीपे आधीच चालू करून ठेवा, आणि भाषांतराचं अॅप ऑफलाइन डाऊनलोड करून न्या. गावातल्या एखाद्या साध्या घरगुती लॉजमध्ये एक रात्र राहिलात तर सकाळी बसेस यायच्या आधी दोन तास घर तुमचं. शियामेनहून जलदगती रेल्वेने नानजिंग स्टेशनला तासाभराच्या आत पोचता येतं, पुढे गाडीने साधारण आणखी एक तास. फक्त तिकीट काढताना सांभाळा, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की हे छोटं नानजिंग आणि शांघायजवळचं ते प्रसिद्ध मोठं शहर दोन्ही सारखीच दिसतात, तेव्हा प्रवासाचा वेळ पाच-सहा तासांच्या पुढे दाखवत असेल तर ते तिकीट काढू नका, चिनी अक्षरं जुळवून परत शोधा.